खाड्यांच्या हिशेबाने : कोकणकिनारा, एकट्याने, सायकलवर

मांडव्यापासून तेरेखोलपर्यंतचा किनारा सायकलवर करायचा ठरला, की हैदराबादचा सायकलवाला पहिला हिशेब किलोमीटरचा मांडतो. सागरी मार्गाने पाचशे-साडेपाचशे किलोमीटर. रोज शंभर धरले तर सहा दिवस. सोलापूर रस्त्यावर जहीराबाद-हुमनाबादच्या बाजूला ज्याने दिवसाला दीडशे किलोमीटर सहज काढलेत, त्याला सहा दिवसही जास्त वाटतात. हा हिशेब साधारण तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि मग माणूस एक तर रात्री अंधारात सायकल ढकलत मुक्कामी पोहोचतो किंवा चिडून मुंबई-गोवा महामार्गावर चढतो. दोन्ही टाळायचं असेल तर किनाऱ्याची रचना आधी समजून घ्यावी लागते.

सह्याद्री समुद्रापासून फार लांब नाही. त्यामुळे पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत, आणि त्यांच्या मुखात भरतीचं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरतं. त्याच खाड्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरताना धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, काजळी, मुचकुंदी, जैतापूर, वाघोटन, कर्ली, तेरेखोल अशी मोठ्या खाड्यांची रांगच आहे, आणि मधल्या लहानांची गणती वेगळी. दोन खाड्यांच्या मधे जांभ्या दगडाचं पठार. त्याला सडा म्हणतात. गाव मात्र सड्यावर नसतं. ते खाली, नारळी-पोफळीत, पाण्याच्या कडेला. म्हणून किनाऱ्याचा रस्ता खालच्या गावातून घाटीने सड्यावर चढतो, वर थोडं सपाट धावतो आणि पुढच्या खाडीवर पुन्हा धाडकन उतरतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचा, क्वचित त्याहून जास्त. दिवसाला असे आठ-दहा चढ-उतार आले की बेरीज एखाद्या मोठ्या घाटाइतकी होते, फक्त घाटात एकदा चढून मिळणारं समाधान मिळत नाही. समुद्रसपाटीवरून निघायचं आणि संध्याकाळी पुन्हा समुद्रसपाटीवरच यायचं.

म्हणून बेत आखताना एका दिवसात किती खाड्या ओलांडायच्या ते ठरवावं. एक मोठी फेरीबोटीची खाडी आणि एखाद-दुसरी पुलाची, एवढं पुष्कळ झालं. किलोमीटर मग पन्नास भरोत की सत्तर. ओझं लादलेल्या सायकलवर, पहिल्यांदाच किनारा करणाऱ्याने दहा-अकरा दिवस हाताशी ठेवावेत.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. हिवाळ्यात पहाटे जमीन समुद्रापेक्षा गार असते, वारा जमिनीवरून समुद्राकडे हलकेच वाहतो. हे मतलई वारे. उन्हं चढली की जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. आपल्या किनाऱ्यावर दुपारचा हा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो उजव्या खांद्यामागून लागतो आणि पाठीवर हात ठेवल्यासारखी मदत करतो. गोव्याहून मुंबईकडे निघणाऱ्याला तोच वारा रोज दुपारी तोंडावर. ओझ्याच्या सायकलला समोरचा वारा म्हणजे सपाटीवर लागलेला चढच. महिना डिसेंबर किंवा जानेवारी घ्यावा, फार तर फेब्रुवारी. ऑक्टोबरचा उकाडा हैदराबादच्या कोरड्या उन्हापेक्षा निराळा असतो. दख्खनच्या पठारावर घाम सुकतो आणि अंग गार ठेवतो. किनाऱ्याच्या दमट हवेत तो नुसता निथळतो. मार्चमध्ये शिमगा येतो, पालख्या बघायला मिळतात, पण पोरं रस्त्यात आडवी येऊन पोस्त मागतात आणि सायकलवाल्यालाही सोडत नाहीत. खिशात सुट्टे पैसे असतील तर ही अडचण नव्हे, करमणूक आहे.

आता भरती-ओहोटी. हा या प्रवासातला सगळ्यात उपयोगी धडा, आणि तो शिकायला कोणतंही ॲप लागत नाही. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आडाखा असा : आजच्या तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, तशीच पहाटे तीनच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना एकच हिशेब. मागचं कारण सरळ आहे. चंद्र रोज सुमारे पाऊण तासाने उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, गावागणिक थोडं पुढे-मागे होईल, पण अर्ध्या तासाच्या हिशेबाने बेत करायला हे पुरेसं आहे. घरातलं पंचांग किंवा भिंतीवरचं कालनिर्णय म्हणजे झालं तुमचं भरतीचं वेळापत्रक.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, चढ-उतार बेताचा. सायकलवाल्याला याचा उपयोग दोन ठिकाणी. ओहोटीला उघडी पडलेली ओली पुळण टणक असते. केळशी, कर्दे, दिवेआगर अशा लांब किनाऱ्यांवर तिच्यावरून रुंद टायरची सायकल सुरेख चालते, तर भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू चाक गिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे ओहोटी पहाटे सहाच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी येते, म्हणजे नेमकी सायकल चालवायच्या वेळी. प्रवास अशा तिथींच्या आसपास बसवता आला तर उत्तम. दुसरा उपयोग फेरीच्या धक्क्यावर. त्याकडे येतोच.

हैदराबादहून किनाऱ्यावर सायकल न्यायची कशी? वेळ भरपूर असेल तर चालवतच जावं. सोलापूर, पुणे करत ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरता येतं, किंवा साताऱ्याकडे वळून पुढे कुंभार्ली घाटाने चिपळूणला. नाहीतर रेल्वे. नामपल्लीहून सुटणारी हुसेनसागर एक्स्प्रेस पहाटे मुंबईला सीएसएमटीला पोहोचते आणि ती वेळ सोयीची आहे, कारण तिथून भाऊच्या धक्क्यापर्यंतचे तीन-चार किलोमीटर रस्ता मोकळा मिळतो. सायकल तिकिटावर सामान म्हणून बुक होते आणि गार्डाच्या बाजूच्या मालडब्यात चढते. स्टेशनवर दीड-दोन तास आधी जावं. पेडल काढून पिशवीत घालावीत, हँडल वळवून फ्रेमला समांतर बांधावं, मागच्या डिरेलरवर पुठ्ठ्याचं जाड आवरण चढवावं. सगळ्यात आधी मोडतो तो तोच. नाव, फोन, कुठून कुठे आणि पीएनआर लिहिलेली चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी बांधावी. गाडी जिथून सुटते त्या स्टेशनवरच सायकल चढवावी. मधल्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते आणि हमालाची मर्जी लागेपर्यंत सुटते. पावती जिवापाड जपावी, कारण मुंबईच्या पार्सल ऑफिसात ओळख चालत नाही, पावती चालते.

जपानमध्ये हेच काम फार सोपं झालंय. तिथे सायकलची चाकं काढून ती पूर्णपणे पिशवीत घातली, कुठलाही भाग बाहेर दिसला नाही, की लोकल असो की शिंकान्सेन, डब्यात स्वतःबरोबर नेता येते आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. या पद्धतीला ते रिन्को म्हणतात. जपानचा किनारा एकट्याने करणाऱ्यांचं अर्धं धाडस या पिशवीवर उभं असतं : वादळ आलं, गुडघा दुखला, सायकल पिशवीत घालायची आणि जवळचं स्टेशन गाठायचं. वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्या माणसाला रस्ता परका वाटत नाही. तिथला धोका बोगद्यांचा; डोंगर थेट समुद्रात उतरत असल्याने रस्ते डोंगराच्या पोटातून जातात, आत पदपथ अरुंद आणि मागून ट्रकचा आवाज घुमतो. कोकणच्या किनारी रस्त्याला ही भीती नाही.

सराव हैदराबादेत कुठे करावा? नानकरामगुडा-नार्सिंगीच्या बाजूला बाह्यवळण रस्त्यालगत 23 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, 1 ऑक्टोबर 2023 रोजी खुला झालेला, वर सौर पॅनेलचं छप्पर. सावलीत तास-दोन तास एका लयीत पाय चालवायला तो झकास. पण तो सपाट आहे आणि कोकणाची परीक्षा चढाची आहे. त्यासाठी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्या गाठाव्यात, मुसी नदी उगम पावते तिथे. किंवा रविवारी पहाटे बंजारा हिल्स-ज्युबिली हिल्सचे तेच ते चढ पुनःपुन्हा करावेत, आणि महत्त्वाचं म्हणजे ओझं लादून करावेत. रिकाम्या सायकलवर चढणारा पाय दहा-बारा किलो मागे बांधल्यावर निराळा वागतो. उतारावर ओझं आणखी फसवतं. ब्रेक उशिरा लागतो, आणि कोकणातल्या घाट्यांच्या तळाशी हमखास वळण, वळणावर एसटी.

सायकल महागडी नको. गिअर हलका हवा : पुढची सगळ्यात लहान चक्ती आणि मागची सगळ्यात मोठी चक्ती दातांनी सारख्या असतील तर निभावतं, मागची मोठी असेल तर आणखी बरं. टायर निदान 35 मिलिमीटर रुंद. ट्यूबचा व्हॉल्व मोटरसायकलसारखा जाड असावा. बारीक व्हॉल्वची ट्यूब गुहागर-देवगडच्या दुकानात मिळणार नाही, आणि पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीला ती बसत नाही. जाड व्हॉल्व असेल तर कोकणातला प्रत्येक मोटरसायकल पंक्चरवाला आपला. दोन जादा ट्यूब, साखळी जोडायचं अवजार, ब्रेकचे जादा पॅड. पॅड विसरू नयेत. लाल जांभ्याची धूळ आणि लागोपाठचे उतार ते फार लवकर खातात.

आणि मीठ. समुद्राच्या हवेतले सूक्ष्म खारे कण साखळीवर, स्पोकच्या निपलवर, बोल्टांच्या डोक्यांवर बसतात. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं आणि त्या ओल्या खाऱ्या थरात लोखंड भराभर गंजतं. पुळणीवर सायकल चालवलीत तर रात्रीत साखळी तांबूस होते. उपाय साधा : मुक्कामी पोहोचलं की अंघोळीच्या आधी सायकलवर दोन बादल्या गोडं पाणी, फडक्याने कोरडी पुसायची, साखळीच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब. घरमालक आधी चकित होतात, मग स्वतःच बादली आणून देतात.

मुंबईहून मांडवा गाठायला भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून मोठी रो-रो बोट आहे. गाड्या जिथून चढतात तिथूनच सायकल चढते. मांडवा ते अलिबाग, रेवदंडा हा पट्टा जवळजवळ सपाट, वाहनं मात्र फार, शनिवार-रविवार टाळावा. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल. पलीकडे कोर्लई, जिथे पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली अजून घराघरांत बोलली जाते. मग काशीद, मुरुड, राजपुरी. आगरदांड्याहून पहिली फेरीबोट, पलीकडे दिघी. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा तुकडा सबंध किनाऱ्यावरचा सगळ्यात देखणा, रस्ता आणि लाटा यांत कित्येक ठिकाणी फक्त एक कठडा. तिथे घाई करू नये. हरिहरेश्वराजवळ बागमांडल्याला दुसरी फेरी; ती बाणकोटच्या खाडीतून वेशवीला सोडते. पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ.

दाभोळच्या धक्क्यावर जरा थांबून फेरीचं काम बघण्यासारखं आहे. 2003 साली गाड्या नेणारी फेरी इथून धोपाव्याला सुरू झाली. रस्त्याने दाभोळहून गुहागर गाठायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. बोट ते काम काही मिनिटांत करते. धक्का म्हणजे उंच भिंत नसून पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार आहे. त्यामागे कारण आहे. पाण्याची पातळी दिवसातून चार वेळा बदलते, आणि उभ्या भिंतीला लागलेली बोट ओहोटीला खूप खाली जाईल. उतारावर मात्र बोट पाण्याची कड जिथे असेल तिथे नाक टेकते. पुढचा लोखंडी फळा साखळ्यांवरून खडखडत खाली येतो, काँक्रीटवर आपटतो, की झाला रस्ता तयार. बोटीचा तळ सपाट, त्यामुळे उथळ पाण्यातही ती काठाशी येते. उधाणाच्या दिवशी ऐन ओहोटीला मात्र पाणी फारच मागे सरकतं, बोट जपून लावावी लागते, कधी थोडा वेळ थांबावं लागतं. तिथीचा हिशेब इथे उपयोगी पडतो.

सायकलवाल्याने धक्क्यावर एक पथ्य कटाक्षाने पाळावं : उतारावरून चालवत जायचं नाही, सायकल हातात धरून चालायचं. उताराचा खालचा भाग रोज पाण्याखाली जातो, तिथे हिरवं शेवाळ धरतं, आणि ओला लोखंडी फळा त्याहून निसरडा. बोटीवर गाड्या आधी घेतात, मग दुचाक्या. सायकल कठड्याला टेकवून ब्रेकची मूठ रबराने आवळून बांधावी, म्हणजे बोट हलली तरी चाक फिरत नाही. सायकलचं तिकीट वेगळं, माणसाचं वेगळं. पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या मुक्कामीच विचारून ठेवावं. संध्याकाळची शेवटची बोट चुकली तर तो मुक्काम अलीकडच्या तीरावर, त्याला पर्याय नाही.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला उतरलं की जयगडची फेरी, या किनाऱ्यावरची शेवटची मोठी मोटारफेरी. पलीकडे मालगुंड, केशवसुतांचं गाव, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेचा प्रसिद्ध चढ. सगळे तिथे वर थांबून फोटो काढतात, त्याचं खरं कारण दम लागलेला असतो हे आहे. रत्नागिरीच्या पुढे बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर. पुलाची खाडी पटकन संपते, पण पुलाआधीचा उतार आणि नंतरचा चढ तेवढेच राहतात. वाघोटनच्या खाडीला मात्र आत वळून पडेलच्या बाजूने यावं लागतं, आणि इथे दिवस लहान आखावा. देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. मालवणहून वेंगुर्ल्याला जाताना कर्लीवरचा नेरूरपारचा पूल, मग शिरोडा, रेडी. शेवटी तेरेखोल : किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्याचा, आणि गोवा सरकारची फेरीबोट पलीकडे केरीला सोडते. परतीला वास्कोहून सिकंदराबादची गाडी 2024 पासून आठवड्यातून दोनदा सुटते. सायकल वास्कोलाच चढवावी.

जेवणाखाणाचं थोडक्यात. हैदराबादेत मध्यरात्रीही काहीतरी खायला मिळतं; हेदवी-आडिवऱ्याच्या बाजूला दुपारी दोननंतर चहाही कठीण. घरगुती जेवणाच्या पाट्या जागोजागी आहेत, पण जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. सकाळी निघतानाच संध्याकाळच्या मुक्कामी फोन करावा. घामातून जाणारं मीठ भरून काढायला कोकम सरबतात चिमूट जास्त मीठ घालून मागावं, सोलकढी तर आहेच. बाटल्या दोन नव्हे, तीन. सड्यावर सावली नाही, विहीर नाही, दुकान नाही.

एकटं जाण्याबद्दल लोक भीती घालतात. किनाऱ्यावर भीती माणसांची कमी आणि अंधाराची, कुत्र्यांची, फोनला रेंज नसण्याची जास्त. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सड्यावर दिवा नसतो. म्हणून साडेसहाला निघून दुपारी साडेतीन-चारला थांबावं. घरच्यांना रोज दोन निरोप, निघताना आणि पोहोचल्यावर, आणि मधे कोणती खाडी कोणत्या बोटीने हे आधीच कळवलेलं. सुटकेचा रस्ताही डोक्यात हवा. किनाऱ्याला समांतर आत कोकण रेल्वे धावते. खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर रोड, कणकवली, कुडाळ यांपैकी एखादं स्टेशन साधारण चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत सापडतं, आणि एखादा टेम्पोवाला सायकलसकट तिथवर सोडतो. माणूस बरोबर नसला की एक फायदा होतो तो असा : गावकरी तुमच्याशी बोलायला येतात. दोघे आले तर आपसात बोलतात म्हणून लोक बाजूला राहतात. मुलींनी एकटीने जाऊ नये असं म्हणणाऱ्यांना पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं उदाहरण सांगावं. 2018 साली विशीतच तिने 29,000 किलोमीटर सायकल चालवून 159 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, बहुतेक सगळी एकटीने. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं, 1923 साली, मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा सायकलवर जग फिरायला निघाले होते आणि 1928 मध्ये परतले; त्यांच्या वाटेवर जपानही होता. तेव्हा हाताशी गिअर नव्हते, नकाशेही धड नव्हते.

जपानचा विषय पुन्हा काढायचं कारण पुलांचं आहे. ओनोमिची ते इमाबारी हा शिमानामी काइदो सायकलमार्ग सुमारे 70 किलोमीटरचा, सहा बेटांवरून जाणारा. 1999 साली तिथली पुलांची मालिका पूर्ण झाली, आणि मोटाररस्त्याबरोबरच पुलांवर सायकलींना वेगळी वाट ठेवली. समुद्रावर उंच उभ्या असलेल्या पुलांवर चढायला वळसे घेत जाणारे लांब उतार बांधले, चढ साधारण तीन टक्क्यांचा, लहान मुलालाही झेपेल असा. जमिनीवर निळी रेघ आखून दिली, की रस्ता विचारावा लागत नाही. होन्शू आणि क्युशू या बेटांच्या मधे कानमोन सामुद्रधुनीखाली 780 मीटरचा पादचारी बोगदा आहे. त्यात सायकल लिफ्टने खाली न्यायची, हाताने ढकलत पलीकडे जायचं आणि पेटीत 20 येन टाकायचे. म्हणजे पुलाचा, बोगद्याचा विचार करतानाच तिथे सायकलवाला डोळ्यासमोर होता.

आपल्याकडे रेवस ते रेडी सागरी महामार्ग ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची कल्पना आता हळूहळू उभी राहते आहे. रेवस–करंजा, आगरदांडा–दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल बांधायचं काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. पूल व्हावेत. दाभोळच्या आजारी माणसाला रात्री अकरा वाजता गुहागरकडे न्यायचं असेल तर बोटीची वाट बघा असं सांगणारा सायकलवाला स्वार्थी म्हणावा लागेल. पण पुलावर कडेची वाट आजच ठेवली नाही तर ती नंतर जोडता येत नाही. हैदराबादचा बाह्यवळण रस्ता जपानच्या कर्जाच्या मदतीने झाला, आणि त्याच्या कडेला सायकलमार्ग नंतर बसवता आला, कारण जमीन होती. खाडीवरच्या पुलाला कडेला जमीन नसते. तिथे जी रुंदी आराखड्यात आहे तीच पुढची पन्नास वर्षं राहते, आणि तेवढ्याच रुंदीत साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या मोटारींबरोबर सायकल, चालत शाळेला जाणारी पोरं आणि मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका यांना जावं लागेल. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी, सायकल क्लबांनी आणि हा प्रवास केलेल्या प्रत्येकाने महामंडळाला आत्ताच लिहावं : प्रत्येक नव्या पुलावर कठड्याने वेगळी केलेली, निदान दोन मीटरची सायकलींची आणि पादचाऱ्यांची वाट द्या.